कॉलनीतला बगीचा आणि भिंतीला लागून असलेली घरं

राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या कुठल्याही जुन्या कॉलनीत मोकळ्या भूखंडाचा बगीचा करायचं ठरलं की दोन तट पडतात. चार गल्ल्या दूर राहणाऱ्यांना बगीचा हवाच असतो. ज्यांच्या घराची भिंत त्या भूखंडाला लागून आहे, ते मात्र सही करायला तयार नसतात. त्यांना आडमुठे म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण ते चूक आहे. बगीच्याचा आवाज, उजेड, साचलेलं पाणी, पालापाचोळा आणि रात्री भिंतीवरून उड्या मारणारी माणसं, हे सगळं त्याच पंधरा-वीस घरांच्या वाट्याला येतं. त्यांची जवळजवळ प्रत्येक तक्रार मीटरमध्ये, लिटरमध्ये किंवा घड्याळाच्या वेळेत मांडता येते. एकदा ती तशी मांडली की उपाय नकाशावरच निघतो, निविदा निघण्याआधी आणि फारसा खर्च न वाढवता. काम झाल्यावर तोच उपाय करायला गेलं तर फोडाफोडी करावी लागते.

हिशेब सोपा जावा म्हणून इथे ४० बाय ५० मीटरचा, म्हणजे २,००० चौरस मीटरचा भूखंड धरला आहे.

सुरुवात कागदांपासून. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने (नगररचना खात्याने) मंजूर केलेल्या कॉलनीच्या नकाशात ही जागा ‘उद्यान’ म्हणून दाखवली आहे की नुसती ‘खुली जागा’, कॉलनी नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, रीतसर हस्तांतरित झाली आहे का, खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर) कोणता, या तीन गोष्टींची नक्कल रहवासी संघाच्या फायलीत असलीच पाहिजे. पुढे कोणी कोपऱ्यात खोली बांधायला निघालं तर हीच फाइल कामी येते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप बेकायदा ठरवलं आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. म्हणजे भिंतीला लागून राहणाऱ्याचा शब्द कायद्यातही पोकळ नाही.

कागदांनंतर जमिनीखाली काय आहे ते पाहायचं. नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेजचे चेंबर, विजेच्या केबल आणि जुनी विहीर किंवा बावडी (पायऱ्यांची विहीर). इंदूरमध्ये हा शेवटचा मुद्दा विसरून चालणार नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब हवनाच्या वेळी कोसळला आणि ३६ माणसं गेली. तिथल्या कॉलनीच्या बगीच्यातल्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्यामुळे भूखंडावर जुनी विहीर असल्याचं एखादी आजीबाई सांगत असेल तर तिला बरोबर घेऊन जागेवर जा, खुंटी ठोका आणि नकाशात नोंद करा. विहीर सापडली तर बुजवू नका आणि स्लॅबने झाकू तर मुळीच नका. काठ पक्का करा, १.२ मीटर उंच कठडा बांधा, वरून लोखंडी जाळी कुलपासह बसवा आणि गाळ काढून पावसाचं पाणी गाळण-टाकीतून तिच्यात सोडा. विहीर दिसत राहिली की तिच्यावर कोणी बांधत नाही.

मग लोकांचं ऐकायचं. त्यासाठी सभा हा सगळ्यात कच्चा मार्ग आहे. सभेत ज्यांचा आवाज मोठा त्यांचंच ऐकू येतं आणि भाडेकरू, सुना, घरकामाला येणाऱ्या बायका, रात्रपाळीवाले गप्प राहतात. भूखंडाकडे तोंड किंवा पाठ असलेल्या प्रत्येक घरी वेगळं जा, हातात नकाशाची प्रत ठेवा आणि त्या घराची झोपायची खोली, स्वयंपाकघर, बोरिंग आणि मागचं दार नकाशावर खुणेने दाखवून घ्या. प्रश्नही नेमके हवेत: खिडकी किती उंचीवर आहे, घरात आजारी किंवा लहान मूल आहे का, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं, रात्री कुठल्या कोपऱ्यात माणसं बसतात. अशा पंधरा-वीस खुणा झाल्या की निम्मा आराखडा आपोआप दिसायला लागतो.

यानंतरचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे: चुन्याची आखणी. कागदावरचा नकाशा फार थोड्यांना वाचता येतो. भुकटी चुन्याच्या एक-दोन गोण्या, सुतळी, खुंट्या आणि टेप घेऊन चालायची वाट, झोपाळे, बाक, दिव्याचे खांब, फाटक असं सगळं खऱ्या मापात जमिनीवर काढा. खांबाच्या जागी बांबू उभे करा. आठ-दहा दिवस ते तसंच ठेवा. मध्ये दोन रविवार आले पाहिजेत. ‘वाट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते’ हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं, आणि चुन्याची रेघ दीड मीटर आत सरकवायला पाच मिनिटं लागतात. बदल झाल्यावर अंतिम मापांचा नकाशा शेजारच्या घरांच्या सह्यांसह निगमच्या झोन कार्यालयात आणि पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) द्या.

आता अंतरं. चालायच्या वाटेची मधली रेघ हद्दीच्या भिंतीपासून किमान ३ मीटर आत ठेवा. ४० बाय ५० च्या भूखंडात ती रेघ ३४ बाय ४४ मीटरच्या चौकटीवर येते, म्हणजे एक फेरी १५६ मीटर. साडेसहा फेऱ्यांत एक किलोमीटर होतो. वाट भिंतीला चिकटवली तर फेरी लांब होते खरी, पण सकाळी साडेपाचला लोकांच्या गप्पा थेट कुणाच्या तरी उशाशी होतात. वाट आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात मेहंदी, कामिनी किंवा अडुळशाचं दीड मीटर उंचीचं कुंपण लावा. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. झुडपांचं कुंपण नजर अडवतं, आवाज जवळजवळ अडवत नाही. आवाजावर उपाय अंतराचाच. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून मुलांची खेळायची जागा जवळच्या झोपायच्या खोलीपासून १० ऐवजी २० मीटरवर, मधोमध ठेवा. झोपाळ्याच्या कड्या नुसत्या हुकात अडकवलेल्या असतील तर दुपारी दोन वाजता त्यांची करकर अख्खी गल्ली ऐकते. बेअरिंगवाली कडी मागा. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे, दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी लागते. दांडी २.४ मीटरवर असेल तर दोन्हीकडे जवळपास ५ मीटर. खाली २५ ते ३० सेंटिमीटर वाळू, काँक्रीट किंवा पेव्हर (फरशीचे ब्लॉक) नाही. घसरगुंडी पत्र्याची असेल तर तिचं तोंड उत्तरेकडे करा किंवा ती सावलीत ठेवा, नाहीतर मे महिन्यात मुलांच्या मांड्या भाजतात.

लग्नं, जागरणं, स्पीकर यांची भीती शेजाऱ्यांना सर्वांत जास्त असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. नियमाची पाटी लावाच, पण खरी अडवणूक रचनेतून होते. बगीच्यात मोठा पक्का चौथरा केला, बाहेर विजेचा प्लग ठेवला आणि गाडी आत येईल एवढं फाटक केलं, की मंडपवाले येणारच. चौथरा २० चौरस मीटरच्या वर नको, प्लग कुलूपबंद पेटीत, आणि रोजचं फाटक १.२ मीटरचं. झाडांची छाटणी करायला ट्रॉली आत यावी लागते, त्यासाठी ३ मीटरचं वेगळं फाटक ठेवा आणि त्याची चावी निगमच्या माळ्याकडे. मोटारसायकली अडवायला वळणाचं फाटक बसवतात, त्यात व्हीलचेअरसाठी ९० सेंटिमीटर मोकळी जागा राहते का ते स्वतः मोजून घ्या. रस्ता आणि बगीचा यांच्या पातळीत फरक असेल तर उतार १:१२ पेक्षा तीव्र नको.

दारू पिणारे आणि पत्ते कुटणारे बसतात ते आडोशाला. रस्त्याच्या बाजूने २ मीटरची भरीव भिंत बांधणं म्हणजे त्यांची सोय करणं. खाली ४५ ते ६० सेंटिमीटरची भिंत आणि वर १.५ मीटरपर्यंत ग्रिल करा. या बाजूची आतली झुडपं ७५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, झाडांच्या फांद्या २ मीटरपर्यंत साफ ठेवा, आणि बाक रस्त्यावरून दिसतील असे मांडा. भिंतीला लागलेल्या घरांनी स्वतःसाठी बगीच्यात दार काढू नये, ही अट पहिल्याच दिवशी सर्वांसाठी सारखी ठेवा. एकाला दार मिळालं की वर्षभरात त्या दारापुढे तुळशी वृंदावन, मग फरशी, मग शेड येते.

उजेडाचं गणितही असंच. उंच मास्ट (एकाच उंच खांबावरचे मोठे दिवे) नको. खांब ३.५ मीटरचे घ्या, म्हणजे दिवा पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या खाली राहतो. दर १२ मीटरला एक धरला तर १५६ मीटरच्या वाटेला १३ खांब लागतात. २० ते ३० वॅटचा, ३,००० केल्विनचा पिवळसर एलईडी पुरतो. खांब वाटेच्या बाहेरच्या कडेला, घराकडे पाठ करून, मागे झाकण लावून बसवा. आतल्या कडेला लावले तर उजेड नेमका खिडक्यांवर पडतो. टायमरने रात्री १० नंतर उजेड निम्मा करा, पण पूर्ण बंद करू नका.

माळव्याची काळी माती हा या सगळ्या कामाचा गाभा आहे आणि बिघाडही बहुतेक तिथेच होतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते. तिच्यावर थेट पेव्हर बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात वाट लाटांसारखी होते, आणि पहिले पडतात ते काठी टेकत चालणारे. १.८ मीटर रुंदीच्या वाटेचं क्षेत्र साधारण २८० चौरस मीटर होतं. तिथली ४५ सेंटिमीटर काळी माती उचलायची, म्हणजे जवळपास १२६ घनमीटर. त्यातली वरची १५-२० सेंटिमीटरची कसदार माती वेगळी ढीग करून ठेवा, ती झाडांच्या खड्ड्यांना लागते. मग दाबून २० सेंटिमीटर भरेल इतका मुरूम, एकदम न टाकता १०-१० सेंटिमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. दाबल्यावर ५६ घनमीटर व्हायचा तर सैल मुरूम ७० घनमीटरच्या आसपास मागवावा लागतो. ठेकेदाराच्या बिलात आणि आलेल्या डंपरांत फरक पडतो तो इथेच. त्यावर १५ सेंटिमीटर खडीचा थर दाबून, मग ४ सेंटिमीटर चुरी (दगडाची भुकटी) आणि ६ सेंटिमीटरचे ब्लॉक. सगळे थर मिळून ४५ सेंटिमीटर होतात, म्हणजे वाट आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला येते. दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब बसवा, तो नसेल तर कडेचे ब्लॉक सरकतात आणि मागोमाग मधले. वाटेला १:५० चा आडवा उतार आतल्या बाजूला द्या, घरांकडे नाही. प्रत्येक थर झाकण्याआधी टेप लावून फोटो काढा. एकदा ब्लॉक बसले की खाली मुरूम होता की मलबा, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

हद्दीच्या भिंतीचा पायाही काळ्या मातीत सोडायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा. जिथे मातीचा थर फार जाड आहे तिथे खांब खोल न्या आणि जोत्याच्या तुळईखाली ७-८ सेंटिमीटरची पोकळी सोडा, म्हणजे फुगलेली माती तुळई वर उचलत नाही. ओपन जिमच्या यंत्रांचंही तेच. ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात बसवलेलं यंत्र वर्षभरात कलतं. खड्डा ९० सेंटिमीटरचा हवा, तळाला मुरूम.

आता पाणी, कारण सर्वांत जास्त भांडणं त्याचीच होतात. ‘भर घालून जागा वर घेऊ’ हा प्रस्ताव आला की भिंतीला लागून असलेल्यांनी तिथेच अडवावं. २,००० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की ५० हजार लिटर पाणी होतं. इंदूरला एका सरीत एवढा पाऊस सहज येतो. जागा फूटभर उंच केली तर ते पाणी शेजारच्या जोत्यात शिरणार. बगीचा उलट रस्त्यापेक्षा १५-२० सेंटिमीटर खाली ठेवा, उतार मध्याकडे किंवा सर्वांत खालच्या कोपऱ्याकडे द्या. आधी ५-५ मीटरवर पातळ्या मोजून घेतल्या असतील तर तो कोपरा कुठला हे कळलेलं असतं. तिथे पुनर्भरणाचा खड्डा करा, १.५ बाय १.५ मीटरचा. खोली मात्र आकड्यावर ठरत नाही. काळी माती ओलांडून मुरमात किमान मीटरभर शिरलं पाहिजे, नाहीतर खड्डा नुसती टाकी होते. तळाला मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर जाड वाळू, आणि आधी गाळ बसायला छोटं चेंबर. पाणी दोन दिवसांत जिरलं पाहिजे. आठवडाभर साचलं तर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. याच कारणासाठी लहान बगीच्यात कारंजं नको. ते काही महिन्यांत बंद पडतं आणि हौद उरतो.

हिरवळीचा मोह आवरावा लागतो. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. ५०० चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोजचं अडीच हजार लिटर, साधारण अर्धा टँकर. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेलं आहे, ते गवतावर घालणं मनाला पटत नाही. शेजारच्या बोरिंगवाल्यांची धास्तीही रास्त आहे, कारण बगीच्याचं नवं बोरिंग त्यांच्याच पाण्यावर बसतं. कबीटखेडीच्या केंद्रात सांडपाण्यावर प्रक्रिया होते, तसं पाणी टँकरने मागवा. पण ते फवाऱ्याने उडवायचं नाही. ठिबक किंवा पाइपने मुळाशी, बगीचा बंद असताना द्यायचं, आणि नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ असं रंगवायचं. हिरवळ एकूण जागेच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

झाडांवर कुणाची हरकत असेल असं वाटत नाही, पण असते, आणि तिला आधार आहे. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालच्या काळ्या मातीतली ओल ओढून घेतं, माती आकसते आणि उथळ पायाच्या घराला तिरप्या भेगा पडतात. पिंपळ, वड, अर्जुन, कडुलिंब घराच्या भिंतीपासून ८ ते १० मीटरवर, बहावा आणि तामण ५-६ मीटरवर, कांचन आणि पारिजातक ३ मीटरवर. जांभूळ वाटेपासून दूर, नाहीतर जूनमध्ये ब्लॉक निसरडे होतात. सप्तपर्णी घरांजवळ अजिबात नको, तिच्या फुलांचा उग्र वास दम्याच्या माणसांना शरद ऋतूभर सोसत नाही. कोनोकार्पस तर कुठेच नको, त्यावर शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. खड्डा १ मीटर घनाचा, पण काळ्या मातीत त्याच्या भिंती गुळगुळीत ठेवल्या तर पाणी साचून मुळं कुजतात. कुदळीने भिंती खरवडा आणि तळ मुरमाचा करा. लागवड पहिले चांगले पाऊस झाल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २०-३० लिटर पाणी. खोडाभोवती १ मीटर जागा उघडी राहिलीच पाहिजे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं काँक्रीट एवढ्याच अंतरात काढायला लावलं होतं.

पालापाचोळ्यासाठी ३ बाय १ बाय १ मीटरचे दोन खड्डे, घरांपासून १० मीटरवर. नुसत्या पाल्याला वास येत नाही. वास येतो तो त्यात घरचा ओला कचरा टाकल्यावर. तो टाकायची गरजही नाही, निगमची गाडी रोज दारात येते. पाला ओलसर ठेवा, शेणकाला शिंपडा, दर १५ दिवसांनी उलटा, तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.

कामाचा क्रमही ठरावात लिहून घ्या: हद्दीची भिंत, मग निचरा आणि पाइप, केबलच्या नळ्या, मग वाट, मग झाडं, खेळणी, शेवटी दिवे आणि हिरवळ. उद्घाटनाच्या फोटोसाठी झाडं आधी लावली जातात आणि नंतर जेसीबीच्या चाकाखाली जातात. संडासाचा विषय निघाला की सगळे हात वर करतात. पण दिवसभर राबणाऱ्या माळ्याला तो लागतोच. एकच करा, फाटकाजवळ रस्त्याच्या बाजूला, ड्रेनेजला जोडलेला, वर ५०० लिटरची टाकी. पाण्याची आणि सफाईची सोय नक्की नसेल तर मात्र बांधू नका.

काम संपल्यावर ठेकेदाराचं शेवटचं बिल एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखता येईल अशी अट निविदेतच हवी. सप्टेंबरअखेर शेजारच्या घरातल्या माणसांना बरोबर घेऊन एक फेरी मारा: कुठे ब्लॉक खचले, कुठे पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त थांबलं, कुठल्या खिडकीत अजून उजेड जातो, कुठली कडी वाजते. यादी तारखेसह झोन कार्यालयात द्या आणि पोच घ्या. खचलेली वाट दिवाळीआधी उकलून मुरूम भरून घ्यावी. तोवर जमीन वाळलेली असते, पण भेगाळलेली नसते.